व्याख्येतून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी बऱ्यापैकी येतं, बातम्या समजतात, कामाचा पत्रव्यवहार निभावतो. पण गंभीर लेख किंवा जाडजूड अहवाल हाती आला की दर परिच्छेदाला एखादा शब्द अडवतो. अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे पान आहे. इंग्रजी शिकवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, तेच इथे घेतले आहेत.

मराठी अर्थ लिहून पाठ केला तर काय बिघडलं? व्याख्येचा एवढा आग्रह कशासाठी?

मराठी अर्थ लिहिण्यात गैर काही नाही. टेबल, पाऊस, कात्री अशा शब्दांसाठी व्याख्या वाचत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे. अडचण सुरू होते ती स्वभाव, वृत्ती, मत, दर्जा सांगणाऱ्या शब्दांपाशी. तिथे दोन भाषांतले शब्द एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. थोडा भाग जुळतो, थोडा बाहेर राहतो, आणि घोटाळा त्या बाहेर राहिलेल्या भागात होतो.

माझाच अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निवृत्तीनिमित्त इंग्रजीत मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या वयातही त्यांना नव्या गोष्टीचं लहान मुलासारखं अप्रूप वाटायचं, आणि मला नेमकं तेच लिहायचं होतं. माझ्या वहीत 'चाइल्डिश' या शब्दापुढे 'लहान मुलासारखा' असं लिहिलेलं होतं. मी बिनदिक्कत 'चाइल्डिश एन्थुझिॲझम' असं लिहिलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मी तुम्हाला पोरकट वाटतो का हो?" मला हवा होता तो शब्द होता 'चाइल्डलाइक'. दोन्हींचा अर्थ 'लहान मुलासारखा' असाच लावता येतो; पण पहिल्या शब्दात मोठ्या माणसाला न शोभणारं वागणं आहे आणि दुसऱ्यात मनाचा निर्मळपणा. चांगल्या शब्दकोशात 'चाइल्डिश'च्या नोंदीत ही नापसंती स्पष्ट नोंदवलेली असते. मी ती नोंद कधी वाचलीच नव्हती. मराठीत 'पोरकट' आणि 'निरागस' या दोन शब्दांत माझा कधीच गोंधळ झाला नसता, कारण त्यांच्या हद्दी मला लहानपणापासून ठाऊक होत्या.

'डिफाइन' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'फिनिस' म्हणजे हद्द, शेवट यावरून आला आहे. प्रतिशब्द तुम्हाला शब्दाच्या शेतात आणून सोडतो. बांध कुठे आहे आणि पलीकडे कोणाची जमीन सुरू होते, हे व्याख्या सांगते. प्रगत शब्दसंग्रहात खरं शिकायचं असतं ते हे बांध. या पानावरचं पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

प्रगत शब्द म्हणजे नेमके कोणते? आणि किती यायला हवेत?

मायकल वेस्ट यांची १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली सामान्य वापरातल्या शब्दांची यादी सुमारे २००० शब्दांची होती. कोणताही साधा इंग्रजी मजकूर घेतला तर त्याचा बहुतांश भाग एवढ्याच शब्दांनी भरलेला असतो. हे शब्द तुम्हाला येत असणारच.

त्यापुढची पायरी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये मांडलेल्या शैक्षणिक शब्दांच्या यादीची. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. शब्दकुटुंब म्हणजे 'ॲनलाइज', 'ॲनॅलिसिस', 'ॲनॅलिटिकल' असे एकाच मुळाचे सगळे शब्द मिळून एक. विद्यापीठीय लेखनात दर शंभर शब्दांत साधारण दहा शब्द या यादीतले असतात. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. 'सेस्क्विपेडेलियन' (म्हणजे लांबलचक शब्द वापरणारा) हा शब्द पाठ असलेले, पण 'इम्प्लिकेशन' आणि 'इन्फरन्स' यांत चाचपडणारे बरेच विद्यार्थी मी पाहिले आहेत. लिहिणारा सूचित करतो ते 'इम्प्लिकेशन', वाचणारा त्यातून काढतो ते 'इन्फरन्स'. हा फरक आयुष्यभर उपयोगी पडतो. तो लांबलचक शब्द बहुधा कधीच लागत नाही.

आकडाच हवा असेल तर शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये केलेला हिशेब सांगतो. लिखित मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी असावा, असं वाटत असेल तर ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात. आकडा मोठा आहे, पण त्यातले निम्मे तरी तुम्हाला अर्धवट माहीत असतील. पाहिल्यासारखे वाटतात, अंदाजाने अर्थ लागतो, पण वापरायचा धीर होत नाही, असे हे शब्द. व्याख्येचा सर्वांत जास्त फायदा त्यांनाच होतो.

शब्दकोश कोणता घ्यावा?

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम तयार केलेला घ्या. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश आणि परक्या भाषेतून येणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

यामागे मोठी मेहनत आहे. मायकल वेस्ट यांनी १९३५ च्या शब्दकोशात सुमारे २४,००० नोंदी अवघ्या १४९० शब्दांत समजावून सांगितल्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शिकणाऱ्याला नेमकं कुठे अडतं हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्यांचा शब्दकोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो जगभर पोचवला. क्रियापदापुढे काय येतं, नाम मोजता येतं की नाही, ही माहिती अर्थाइतक्याच मानाने देण्याची पद्धत त्यांनी रुजवली. १९७८ मध्ये लाँगमनने सुमारे २००० ठरावीक शब्दांतच सगळ्या व्याख्या लिहिल्या. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या कोबिल्डने तर व्याख्येचं रूपच बदललं. तुटक तुकड्याऐवजी पूर्ण वाक्य आलं: 'तुम्ही एखाद्या गोष्टीबद्दल रिलक्टंट असाल, तर ती करायला तुम्ही राजी नसता', अशा धाटणीचं. शब्द कोणत्या प्रकारच्या वाक्यात बसतो हे व्याख्येतूनच कळतं. सुरुवात करणाऱ्याला मी कोबिल्डच्या पद्धतीची व्याख्या आधी दाखवतो.

यांतल्या ऑक्सफर्ड, लाँगमन आणि कोबिल्ड यांच्या ऑनलाइन आवृत्त्या मोफत पाहता येतात. दोन शब्दकोश हाताशी ठेवा. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की एकीतून सुटलेलं दुसरीत सापडतं.

व्याख्येतच अवघड शब्द आला तर काय करायचं?

शब्दकोश बदला. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या थोर शब्दकोशात 'नेटवर्क', म्हणजे जाळीकाम, या साध्या गोष्टीची व्याख्या करताना 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' आणि 'इंटरस्टिसेस' असे तीन शब्द एका दमात वापरले होते. मूळ शब्द बरा वाटावा अशी ती व्याख्या! तुमची समज कमी आहे म्हणून असं होतं असं समजू नका; तो शब्दकोश तुमच्यासाठी लिहिलेला नसतो एवढंच.

व्याख्या 'वाचायची' म्हणजे नेमकं काय करायचं?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण व्याख्येवरून नुसती नजर फिरवली तर ती संध्याकाळपर्यंत विसरते.

बहुतेक व्याख्यांचे दोन भाग असतात. आधी जात सांगतात, मग त्या जातीतल्या इतरांपासून वेगळेपण. 'फ्रूगल' घ्या. जात: खर्च जपून करणारा. आता याच जातीत 'थ्रिफ्टी', 'इकॉनॉमिकल', 'स्टिंजी', 'मायझर्ली', 'पार्सिमोनियस' असं सगळं गणगोत बसलेलं आहे. वेगळेपण शोधायला लागलं की चित्र उलगडतं. 'फ्रूगल' माणूस स्वतःच्या गरजाच कमी ठेवतो. म्हणून साध्या, थोडक्या जेवणालाही 'फ्रूगल मील' म्हणतात. 'थ्रिफ्टी'मध्ये हुशारीने पैसे राखण्याचं कौतुक आहे. 'स्टिंजी'मध्ये दुसऱ्याला देताना हात आखडतो, आणि बोलणाऱ्याला ते आवडलेलं नाही. 'मायझर्ली' त्याच्याही पुढचा, साठवून ठेवण्याचा हव्यास असलेला. 'पार्सिमोनियस' पुस्तकी आणि औपचारिक, बहुधा नापसंतीचा. आपल्याकडे काटकसरी, चिक्कू आणि कवडीचुंबक हे तिघे एका रांगेत उभे असले तरी कोणाला काय म्हणायचं हे आपल्याला नेमकं कळतं. इंग्रजीतही तेच कळायला हवं.

तेव्हा व्याख्या वाचताना दोन गोष्टी शोधा: याची जात कोणती, आणि सख्ख्या शेजाऱ्यापासून हा वेगळा कशाने. नोंदीच्या कडेला तिरप्या अक्षरांत औपचारिक, अनौपचारिक, साहित्यिक, जुना, नापसंतीदर्शक अशी खूण असते. ती वगळून पुढे जाऊ नका. 'चाइल्डिश'च्या बाबतीत मला नडलं ते हेच.

यानंतर शब्दकोश मिटा आणि व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा. ती तपासायला न्यायशास्त्रातली, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली, कसोटी वापरा. इतकी धारदार कसोटी मला दुसरीकडे सापडलेली नाही. लक्षण म्हणजे व्याख्या सदोष होण्याच्या तीन तऱ्हा आपल्या शास्त्रकारांनी गाईचं उदाहरण देऊन सांगितल्या आहेत. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. मग गाईचं लक्षण काय? गळ्याखाली लोंबणारी पोळी.

हे 'रिलक्टंट'वर करून पाहू. पहिला प्रयत्न: 'भीतीमुळे मागे सरणारा'. पण कंटाळ्यामुळे किंवा तत्त्वासाठी मागे सरणाराही 'रिलक्टंट' असतो, तो सुटला. अव्याप्ती. दुसरा प्रयत्न: 'मागेपुढे करणारा'. यात 'हेझिटंट'ही घुसला. अतिव्याप्ती. 'हेझिटंट' माणसाचं ठरत नसतं; 'रिलक्टंट' माणसाचं बहुधा ठरलेलं असतं, त्याचं मन नसतं. तिसरा प्रयत्न: 'करायची इच्छा नसल्यामुळे सहजी तयार न होणारा, किंवा नाइलाजाने तयार होणारा'. ही टिकते. तिसरा दोष, असंभव, सहसा शब्दाच्या रूपाने फसवलं की होतो. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' पाहून 'पेट न घेणारा' असा अर्थ लावला तर जगातल्या एकाही 'इन्फ्लेमेबल' वस्तूला तो लागू पडत नाही. त्या शब्दाचा अर्थ आहे चटकन पेट घेणारा. ज्वलनशील पदार्थाच्या डब्यावर हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

एका शब्दामागे सुरुवातीला दहा मिनिटं जातात. जाऊ द्या.

स्वतःची व्याख्या मराठीत लिहू की इंग्रजीत?

आधी मराठीत. विचार नेमका करायला हातात नेमकं हत्यार लागतं, आणि ते मातृभाषेचं असतं. तीन दोषांतून ती पार पडली की मग साध्या इंग्रजीत लिहा. 'इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला ऐकून मराठीला वहीतून हद्दपार करणारे लोक भेटले की मला वाईट वाटतं. मराठी प्रतिशब्दावर थांबू नका एवढंच माझं म्हणणं आहे. मराठीत विचार करणं सोडू नका.

एका शब्दाला दहा-दहा अर्थ दिलेले असतात. सगळे शिकायचे का?

नाही. तुम्ही तो शब्द ज्या वाक्यात पाहिला, त्या वाक्याला लागणारा एकच अर्थ घ्या. 'सेट' या शब्दाची नोंद ऑक्सफर्डच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत लांब होती. ती संपवायला बसलात तर वर्ष जाईल.

इथे एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. शिकणाऱ्यांच्या शब्दकोशात सर्वांत जास्त वापरातला अर्थ सहसा आधी देतात. वीस खंडी ऑक्सफर्ड किंवा मेरियम-वेबस्टर मात्र अर्थांचा क्रम इतिहासाप्रमाणे लावतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी. पहिला अर्थ तोच मुख्य, असं धरून चालणारे तिथे हमखास फसतात.

काही शब्द तर स्वतःशीच भांडतात. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी देणं, आणि 'सँक्शन्स' लादणं म्हणजे निर्बंध घालणं. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूकही. अशा वेळी वाक्याशिवाय व्याख्या हाती धरून काहीच उपयोग होत नाही.

व्याख्या कळते, पण वाक्यात वापरलं की चुकतं. असं का?

कारण शब्दाची संगत अजून शिकलेली नसते. 'मिटिगेट' आणि 'ॲलीव्हिएट' या दोन्हींची व्याख्या 'तीव्रता कमी करणं' अशीच होते. तरी 'मिटिगेट' बहुधा धोका, परिणाम, नुकसान यांच्याबरोबर येतो, तर 'ॲलीव्हिएट' वेदना, त्रास, दारिद्र्य यांच्याबरोबर. मराठीतही आपण बोटं मोडतो आणि नाक मुरडतो. नाक मोडलं म्हटलं की अर्थ भलताच होतो. ही संगत नियमाने कळत नाही, उदाहरणांतून अंगवळणी पडते. म्हणून व्याख्येखालची उदाहरणवाक्यं निदान तीन तरी वाचा आणि शब्दाच्या उजव्या-डाव्या हाताला कोण आहे ते वहीत टिपा.

दुसरं, व्याकरणाच्या खुणा पाहा. 'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला 'अबाउट' लागत नाही. 'ॲडव्हाइस' हे नाम मोजता येत नाही, म्हणून त्याचं अनेकवचन होत नाही. आपण 'त्याबद्दल चर्चा' करतो आणि 'दोन सल्ले' देतो, म्हणून या चुका आपल्या हातून सहज होतात. हॉर्नबींच्या काळापासून ही माहिती नोंदीत दिलेली असते. आपण तिच्यावरून नजर उचलून पुढे जातो.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ कराव्यात का?

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. 'फेमस, रिनाउन्ड, नोटोरियस, इन्फेमस' अशी माळ पाठ केलेला विद्यार्थी परीक्षेत कदाचित तरून जाईल. पण एखाद्या आदरणीय डॉक्टरांना 'नोटोरियस', म्हणजे कुप्रसिद्ध, म्हणून बसेल. यादी हातात आलीच तर उलटं काम करा: प्रत्येक जोडीतला फरक शोधा. समानार्थी म्हणून छापलेले दोन शब्द कुठे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, ते वाक्य शोधून काढा. तीन शब्दांचं असं वेगळेपण शोधलं तर तीस शब्दांच्या पाठांतरापेक्षा जास्त हाती लागतं.

लॅटिन-ग्रीक मूळ आणि उपसर्ग शिकून खरंच फायदा होतो?

होतो, आणि आनंदही मिळतो. 'ॲम्बी' म्हणजे दोन्ही हे कळलं की 'ॲम्बिग्युअस' आणि 'ॲम्बिव्हॅलंट' शेजारी येऊन बसतात. मग व्याख्या फरक सांगते: 'ॲम्बिग्युअस' असतं ते विधान, ज्याचे दोन अर्थ निघतात, 'ॲम्बिव्हॅलंट' असतो तो माणूस, ज्याच्या मनात दोन परस्परविरोधी भावना आहेत. 'बेनी' म्हणजे चांगलं, 'मॅली' म्हणजे वाईट, आणि 'व्होल' म्हणजे इच्छा. त्यातून 'बिनेव्हलंट' आणि 'मलेव्हलंट' आपोआप उलगडतात. 'इफेमरल'च्या पोटात ग्रीकमधला 'हेमेरा', म्हणजे दिवस आहे. एका दिवसाचं आयुष्य असलेलं ते 'इफेमरल'. क्षणभंगुर हा आपला शब्द त्याच्याच जवळचा, फक्त आपण दिवसाऐवजी क्षण धरला.

पण मूळ म्हणजे अर्थ नव्हे. 'मेटिक्युलस'च्या मुळाशी लॅटिनमधला भीतीवाचक शब्द आहे. आज मात्र तो बारीकसारीक गोष्टींची कसोशीने काळजी घेणाऱ्याला लावतात. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनमोलाचं नव्हे, अनमोल. मूळ लक्षात ठेवायला मदत करतं. निर्णय व्याख्येवर सोडावा.

अर्थ काळानुसार बदलतात म्हणे. मग कोणता बरोबर मानायचा?

आजचे जाणकार लिहिणारे ज्या अर्थाने वापरतात तो. 'नाइस' एके काळी मूर्ख या अर्थी वापरत. आज कोणी त्या अर्थाचा हट्ट धरत नाही.

कठीण असतात ते मध्येच अडकलेले शब्द. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. पण बरेच जण तो 'रस नसलेला' म्हणजे 'अनइंटरेस्टेड' या अर्थी वापरतात, आणि शब्दकोशांनाही ती नोंद घ्यावी लागते. 'डेसिमेट' म्हणजे मुळात रोमन सैन्यात दर दहातल्या एकाला मारण्याची शिक्षा. आता त्याचा अर्थ मोठा संहार असा झाला आहे. अशा शब्दांच्या नोंदीत वापराबद्दल वेगळी टीप असते, ती वाचा. स्वतः लिहिताना मी 'डिसइंटरेस्टेड' फक्त निःपक्ष याच अर्थी वापरतो. तो अर्थ नेमकेपणाने सांगणारा एवढा सुटसुटीत शब्द इंग्रजीत दुसरा सहज सापडत नाही, आणि तो हरवू नये असं मला मनापासून वाटतं.

रोज किती शब्द करावेत? आणि विसरायला होतं त्याचं काय?

पाच. जास्तीत जास्त सात. वीस-पंचवीस करणारे आठवडाभरात थांबतात.

विसरणं स्वाभाविक आहे. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, नंतर मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने असं अंतर वाढवत न्यावं.

आणि उजळणी म्हणजे वही पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र, न बघता आठवून पाहिलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. वाचताना 'येतंय की' असं वाटतं, तो भास असतो.

मी खोक्यातली कार्डं वापरतो. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केली. खोक्यात पाच कप्पे. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर परत पहिल्यात. मागच्या कप्प्यांची पाळी उशिरा उशिरा येते. माझ्या 'रिलक्टंट'च्या कार्डावर पुढच्या बाजूला शब्द लिहिलेलाच नाही. तिथे गाळलेल्या जागेचं वाक्य आहे: 'ही वॉज ___ टू साइन, बट इन दि एंड ही डिड.' मागे शब्द, त्याखाली माझी व्याख्या, त्याखाली 'हेझिटंट नव्हे: त्याचं ठरत नसतं, याचं मन नसतं', आणि कोपऱ्यात हा शब्द पहिल्यांदा कुठे भेटला ते. 'नव्हे'ची ही ओळ प्रत्येक कार्डावर असायलाच हवी असा माझा नियम आहे.

उच्चाराकडे आत्ताच लक्ष द्यायचं की नंतर?

आत्ताच. चुकीचा उच्चार एकदा जिभेवर बसला की उठवणं कठीण. 'एपिटमी' हा शब्द 'एपिटोम' आणि 'हायपर्बली' हा 'हायपरबोल' असा मनात वाचणारे कितीतरी जण असतात. ऐकताना तोच शब्द त्यांना ओळखूही येत नाही. ऑनलाइन नोंदीत ध्वनीची खूण असते. दोनदा ऐका, एकदा मोठ्याने म्हणा. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शब्दाच्या कोणत्या भागावर आहे तेही पाहा. 'रेकॉर्ड' नाम असताना आघात आधी येतो, क्रियापद असताना नंतर.

मोबाइलवरच्या चॅटबॉटला अर्थ विचारला तर चालेल?

सरावासाठी चालेल. आपण लिहिलेली वाक्यं तपासून घ्या, 'या दोन शब्दांत फरक काय' असं विचारा. पण तो चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतो, म्हणून निवाडा शब्दकोशाकडे ठेवा. आणि स्वतःची व्याख्या त्याच्याकडून लिहून घेऊ नका. शब्द मनात बसतो तो ती लिहिण्याच्या खटपटीतच.

अवघड शब्द वापरले की लेखन भारदस्त होतं का?

साधा शब्द तेच काम करत असेल तर साधाच वापरा. 'यूज' पुरत असताना 'युटिलाइज' लिहिण्याने वाचकाला काहीच जास्त मिळत नाही. अवघड शब्दाची जागा तिथे असते, जिथे तो नसता तर सहा शब्द लागले असते. 'त्यांनी चूक पाहिली, ती चूक आहे हे त्यांना माहीत होतं, तरी चालवून घेतली' हे सगळं 'कंडोन' या एका शब्दात येतं.

शब्द आता आपला झाला, हे कसं ओळखायचं?

तो कुठे वापरता येणार नाही हे तुम्ही न अडखळता सांगू शकलात की. माझ्या एका विद्यार्थिनीने एकदा निबंधात 'फ्रूगल' लिहून खोडला आणि वर 'स्टिंजी' लिहिलं. मी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, तो काका स्वतःवर भरपूर खर्च करतो. फक्त बहिणीला द्यायचं म्हटलं की त्याचा हात खिशात जात नाही." त्या दिवशी तिच्या खोक्यातली ती दोन्ही कार्डं आम्ही बाहेर काढली.